कोकणातल्या लढायांच्या वाटा पायी चालणं : कुठून, कधी, कसं?

पायवाटकर

मंडळी, नमस्कार.

कोकणात पायी फिरायचं म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक तर घाटवाटा उतरणारे ट्रेक, नाहीतर किनाऱ्यावरची संध्याकाळची रपेट. मधला सगळा पट्टा, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीच्या तोंडापर्यंतच्या वाड्या, पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या पायवाटा), सडे (उघडे कातळमाळ), देवराया, आपण गाडीच्या काचेतून बघतो. आपल्या इतिहासातल्या कितीतरी झटापटी नेमक्या याच पट्ट्यात झाल्या आहेत.

मला हल्ली एक नाद लागलाय. एखाद्या लढाईची जागा धरायची आणि फौज ज्या वाटेने आली असेल त्या वाटेने, जमेल तितकं, पायी तिथे पोचायचं. स्मारकापाशी गाडी लावून पाटी वाचली की तारीख कळते, पण ती माणसं तिथे सापडली कशी ते कळत नाही.

उंबरखिंडीचंच घ्या. मे १६६० मध्ये शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला. १६६१ च्या सुरुवातीला त्याने आपल्या सरदाराला, कारतलबखानाला, कोकणात उतरायला सांगितलं. सोबत माहूरची सरदारीण रायबागन होती. खान बोरघाट सोडून लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या वाटेने उतरला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी अंबा नदीच्या खोऱ्यात, आजच्या चावणी गावाजवळ, शिवाजीमहाराजांनी त्याला कोंडलं. पुढची वाट बंद, मागची बंद, दोन्ही अंगांना रान आणि रानात मावळे. शेवटी रायबागनचा सल्ला ऐकून खान शरण आला आणि होतं नव्हतं ते देऊन जीव वाचवून परत गेला.

आता ही वाट चालून बघा. कुरवंड्यातून नागफणीच्या बाजूने खाली निघायचं. उतार पाचशे मीटरच्या आसपास. सुरुवातीला उघडं, मग कारवी, मग ऐन-किंजळीचं रान. दहा जणांचा गट घेऊन उतरलात तरी पुढच्याला शेवटचा दिसत नाही, आवाज द्यावा लागतो. त्यात घोडी, बैल, तंबू, खजिना, बुणगे असे सगळे घातले तर ती फौज राहतच नाही. एकामागे एक चालणारी, कोसाच्या कोस लांबलेली मुंग्यांची रांग होते. रांगेच्या टोकाला मारामारी सुरू झाली तर शेपटाला ती कळायलाच किती वेळ लागेल! आणि कळली तरी पुढे मदतीला जायला जागा कुठे? शिवाय फेब्रुवारीत वरचे ओढे आटलेले असतात. खाली अंबेच्या डोहांशी पोचेपर्यंत माणसं-जनावरं तहानेने कासावीस झालेली असणार, आणि तिथेच गाठ पडली.

माझं मत असं की उंबरखिंडीत निम्मी लढाई रानाने लढली. हे पुस्तकात वाचून पटत नव्हतं, गुडघे दुखायला लागल्यावर पटलं.

तर अशा आणखी वाटा सुचवा. गाव, रान आणि लढाईची जागा तिन्ही असलेल्या. कोणत्या महिन्यात जावं, कुणाला विचारावं, काय टाळावं हेही लिहा.

घाटउतार

झकास विषय. वाचनखूण साठवली.

कुरवंडे वाटेबद्दल थोडी भर. लोणावळ्याच्या बाजूने जाताना नौदलाचा परिसर लागतो, तिथे कॅमेरे बाहेर काढू नका. वाळलेलं गवत ओल्या मातीपेक्षा जास्त घसरतं, तेव्हा घासलेल्या तळव्यांचे बूट घरी ठेवा. आणि चावणीत उतरल्यावर परतीचं काय, हे आधी ठरवा. खोपोली-पाली रस्त्यापर्यंत यायला हवं, आणि दुपारनंतर गावातून वाहन मिळेल याचा भरवसा नाही. २ फेब्रुवारीला तिथे विजयदिनाचा कार्यक्रम असतो. गर्दी चालणार असेल तर त्या दिवशी जा, स्मारक नदीपात्रातच आहे.

पावसाळ्यात मात्र खालच्या टप्प्यात नकोच. अंबा दिसायला गरीब. जुलै १९८९ मध्ये हिच्याच पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त झालं होतं.

अपरान्त

लेख आवडला, पण “रान लढलं” हे मला मान्य नाही.

उदाहरण देतो. १ फेब्रुवारी १६८९. औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरून संगमेश्वरात आला आणि संभाजीमहाराज पकडले गेले. म्हाळोजी घोरपडे तिथेच लढताना पडले. तारीख बघा. उंबरखिंडीनंतर २८ वर्षांनी, जवळपास त्याच दिवशी. ऋतू तोच, पाणी तितकंच आटलेलं, घाट तितकाच वाईट, रान तर इकडे जास्तच दाट. सह्याद्री उतरून शत्रू इतक्या झटकन येईल असं कुणाला वाटलं नसेल, कारण घाटावर सगळ्यांचा भरवसा होता. उंबरखिंडीत खानाच्या प्रत्येक मुक्कामाची बातमी महाराजांना होती. संगमेश्वरात बातमी उशिरा पोचली किंवा पोचूनही उपयोग झाला नाही.

रान दोन्ही बाजूंना सारखंच असतं. लपायला ते मुकर्रबखानालाही उपयोगी पडलंच की.

पायवाटकर

अपरान्त, हेरांचा मुद्दा बिनतोड आहे. पण फरकही बघा. कारतलबखान सगळं लटांबर घेऊन उतरला, मुकर्रबखान निवडक स्वार घेऊन. लहान तुकडीला घाट अडवत नाही. म्हणजे रानाचा हिशेब शेवटी रांगेच्या लांबीवर येतो, आणि तो चालल्यावरच कळतो.

बाकी संगमेश्वर सुचवलंत ते उत्तम, कारण या दोन जागा एकाच वर्षाच्या धाग्यात ओवता येतात. उंबरखिंडीनंतर महाराज थांबले नाहीत. त्याच मोहिमेत दाभोळ, परशुरामाचं दर्शन, संगमेश्वर, मार्चमध्ये राजापूर आणि तिथली इंग्रजांची वखार. संगमेश्वरात तानाजी मालुसरे आणि पिलाजी नीळकंठ यांना ठेवलं होतं. शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यांनी रात्री छापा घातला. पिलाजी घाबरून निघाले तेव्हा तानाजींनी त्यांना धरून दोराने दगडाला बांधलं आणि मग लढाई केली, अशी हकिगत आहे. ती परत वाचा, हसू पण येतं आणि अंगावर काटा पण येतो. एप्रिल १६६१ अखेरीस शृंगारपूर घेतलं.

कसबा संगमेश्वर ते नायरी ते शृंगारपूर असं कुणी चाललंय का? सुरुवातीला कर्णेश्वराचं देऊळ आहेच. त्या देवळाच्या छतावरची आणि खांबांवरची नक्षी बघायला सकाळचा तास राखून ठेवावा.

मु_पो_नायरी

आमच्या गावाचं नाव आलं म्हणून लिहितो, एरवी नुसता वाचतो.

कसबा ते शृंगारपूर पायी म्हणाल तर निम्म्याहून जास्त आता डांबरी आहे. उन्हात डांबरावरून चालण्यात काय इतिहास? रस्ता सोडून वाड्यांमधून जायचं तर जाता येतं, पण विचारत विचारत. व्हाळावर (ओढ्यावर) साकव (छोटे पूल) आहेत, काही मोडलेत. पाखाडीने चढायचं, दगडी गडग्याच्या कडेने जायचं, बेडं (कुंपणाचं फाटक) लागलं तर उघडून परत लावायचं. ते लावायला विसरलात तर गुरं कुणाच्या तरी पावट्यात शिरतात आणि मग पुढच्या फिरणाऱ्याला शिव्या बसतात.

शृंगारपूर म्हणजे येसूबाईंचं माहेर, शिर्क्यांचं गाव. संभाजीमहाराज तिथे राहिलेले. वर प्रचितगड. पण गडाचा भाग चांदोली राष्ट्रीय उद्यानात येतो, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय वर जाऊ नका. शिड्या आहेत, दृष्टिभयाचा, म्हणजे उंचीवरून खाली बघायच्या भीतीचा, त्रास असेल तर खालूनच नमस्कार करा.

आता एक गोष्ट मनातली. इथे बऱ्याच जणांना पाखाड्या जपायला हव्यात असं वाटतं. मलाही वाटतं. आमच्या वरच्या वाडीची पाखाडी चिऱ्यांची आहे, प्रत्येक चिरा मधोमध खोलगट झालाय, इतकी पावलं पडलीत. पण त्याच वाडीतल्या म्हातारीला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर खुर्चीला बांबू बांधून चार पोरं तिला त्याच पाखाडीने खाली आणतात, आणि आता वाडीत चार पोरं उरलेली नाहीत. गाडीरस्ता झाला तर जेसीबी पहिला घाव पाखाडीवरच घालतो, हे खरं. तरी रस्ता मागणाऱ्याला दोष देऊ नका.

सातवीण

नायरीकर दादा, पटलं. पण दोन्ही होऊ शकतं ना? रस्ता बाजूने आणि पाखाडी तशीच?

मु_पो_नायरी

होऊ शकतं ताई, जागा असली तर. जमीन भावकीची असते, सात-बाऱ्यावर तीस नावं, त्यातली वीस मुंबईत. पाखाडीची जागा आधीच वहिवाटीची, तिथे कुणाची सही लागत नाही. म्हणून रस्ता तिथूनच जातो.

नाखवा_थळ

तुम्ही सगळे डोंगराकडचे दिसता. लढाई पाण्यावरही होते राव!

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी. १६७९ च्या ऑगस्टअखेरीस महाराजांनी खांदेरीवर तटबंदीचं काम काढलं. मायनाक भंडारी बेटावर, नंतर दौलतखान आरमार घेऊन मदतीला. वर आलेल्या मोहिमा थंडीतल्या. खांदेरीचं काम भर पावसाळी वाऱ्यात सुरू झालं, कारण तेव्हा मोठी जहाजं बंदरात अडकलेली असतात. इंग्रजांनी नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर १६७९ ला मोठी चकमक झाली, त्यांचं ‘डव्ह’ नावाचं गलबत मराठ्यांनी धरलं. वारा पडला की त्यांची जड जहाजं जागच्या जागी, आणि आपल्या होड्या वल्ह्यांवर उथळ पाण्यातून सामान पोचवून परत. शेवटी जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी समेट केला.

हे बघायला बेटावर जायलाच हवं असं नाही. थळहून वरसोलीमार्गे अलिबागपर्यंत किनाऱ्याने चालत या, डोळ्यांसमोर सतत ते पाणी राहतं. सकाळी दहाच्या आधी वारा कुठून असतो आणि दुपारी कुठून, एवढं नीट बघितलं तरी लढाईचा अर्धा हिशेब सुटतो.

शेवटी कुलाबा किल्ल्यात पायी शिरायचं तर ओहोटी बघा. आमचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे भरती, ओहोटी साडेपाचनंतर. अंदाजासाठी ठीक, पण छापील वेळापत्रकही बघा. पौर्णिमेच्या संध्याकाळी आत जाऊन सूर्यास्ताचे फोटो काढत बसाल तर अंधारात पाणी कापत यावं लागेल.

घाटउतार

पाऊणपट! हे माहीत नव्हतं. नाखवा, धन्यवाद.

चौलवाला

किनाऱ्याची गोष्ट निघालीच आहे तर चौल-रेवदंडा-कोर्लई. १५०८ मध्ये चौलच्या पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो त्यात मेला. समोरचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला. चौलमधून सुपारीच्या वाड्यांमधल्या गल्ल्यांनी रामेश्वराच्या पुष्करणीपाशी, तिथून रेवदंड्याच्या कोटात, मग साळावचा पूल ओलांडून कोर्लई. पुलावर पादचाऱ्याला सुख नाही, तेवढं रिक्षाने उरका. कोर्लई गावात आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. लोक बोलके आहेत, पण बोली ऐकवून दाखवा म्हणून तोंडासमोर मोबाइल धरू नका.

रानाची हौस असलेल्यांसाठी ही वाट नाही. सावली मात्र भरपूर.

सातवीण

धाग्यात देवराई आली म्हणून माझं थोडं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक गावांना देवरहाटी, म्हणजे देवराई, आहे. बाहेरचं रान दर काही वर्षांनी तोडलं जातं, त्यामुळे तुम्ही घाटपायथ्याला जे “दाट जंगल” बघता ते बऱ्याचदा पन्नास वर्षांचंही नसतं. सतराव्या शतकातल्या सैनिकाने कसलं रान बघितलं असेल याची थोडीशी कल्पना जर कुठे येत असेल तर देवराईत. बेहडा, सातवीण, किंजळ, सुरंगी, मध्येच भेरली माड, आणि या सगळ्यांवरून लोंबणारी गारंबी, हातभर लांब शेंगांची. फेब्रुवारीत बाहेर पानगळ चालू असते, पायाखाली चुरचुर आवाज होतो, आणि राईत शिरलं की तो आवाजच मऊ होतो, कारण खालचा पाचोळा ओलसर असतो. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं असतं. जानेवारीनंतर मादी आत स्वतःला लिंपून घेते, तेव्हा त्या झाडाखाली गोंगाट करत थांबू नका. नर बिचकून फळं घेऊन येत नाही.

उंबरखिंडीबद्दल एक शंका याच संदर्भात. पानगळीच्या रानात एक वानर चाललं तरी लांबून ऐकू येतं. मग एवढे मावळे लपले कसे?

अपरान्त

आधी येऊन बसले म्हणून. आवाज चालणाऱ्याचा होतो, बसलेल्याचा नाही. आणि खानाच्या रांगेत घोड्यांची खिंकाळणी, बैलांच्या घंटा, माणसांची ओरड. त्यांना स्वतःच्या आवाजापुढे दुसरं काय ऐकू येणार?

पायवाटकर

वा. हे सुचलंच नव्हतं.

सातवीणताई, देवराईत बाहेरच्याने जाण्याची रीत काय? काही ठिकाणी बायकांना मज्जाव असतो असंही ऐकलंय.

सातवीण

गावागावाची वेगळी. त्यामुळे आधी गुरवांना किंवा गावकरांना विचारायचं, हाच एक नियम. चपला बाहेर. वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. काही राईंत मला जाऊ दिलं, काहींत नाही. दुसऱ्या प्रकाराचा राग येतो, पण त्या दिवशी दारात भांडण्यात अर्थ नसतो.

मला जास्त राग येतो तो जीर्णोद्धाराचा. जुनं कौलारू देऊळ पाडून आरसीसीचा सभामंडप, त्याच्यासमोर पेव्हर ब्लॉक, आणि त्या जागेसाठी राईतली आठ-दहा मोठी झाडं. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून. ज्या झाडाचं पान तोडायला आजोबा घाबरायचे, ते नातवाने देवाच्या नावाने पाडलं.

गिर्येकर

सगळ्यांचा वाचलंय. आमच्याकडे कोण येवचा नाव काढीत नाय म्हणान लिवतंय.

विजयदुर्गाक येतास तर किल्लो बघून लगेच पळा नको. थयसून गिर्याक चलत या. रामेश्वराच्या देवळात जावक कातळ फोडून केलेली वाट आसा, दोनी बाजूंक उंच भिंती. आवारात संभाजी आंग्र्यांची समाधी. वाघोटनच्या खाडीर कातळात खणलेली आरमाराची गोदी आसा, ती बहुतेकांका ठावकच नाय. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आणि पेशवे मिळून इले, तुळाजी आंग्र्यांचा आरमार जळला. गोदीच्या काठार बसून खाडीचा तोंड बघितलास काय कळता, की हयसर जहाजा कित्या लपवीत.

सड्यावरसून येताना पाणी बरोबर घेवा. सावली मिळाची नाय. आणि दगडार हात ठेवताना बघून ठेवा, फुरसा (विषारी साप) असता.

घाटउतार

फुरशाचं बरोबर आहे. त्यात माझी भर: खाजकुयली. फेब्रुवारीत शेंगा वाळलेल्या असतात, वाऱ्यावर कूस उडते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालाच. दोडामार्ग भागात रानात जाणार असाल तर गोचिडांची काळजी घ्या. २०१६ मध्ये तिथे माकडतापाची साथ आली होती आणि त्याचा जोर थंडी संपता संपता वाढतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात किंवा आरोग्य केंद्रात सांगा.

अपरान्त

एक बारीकशी नोंद. उंबरखिंड, संगमेश्वर, विजयदुर्ग, तिन्ही फेब्रुवारी. खांदेरीचा अपवाद नाखवांनी सांगितलाच. पिकं निघालेली, नद्या पायउतार, उन्हाळा अजून तापलेला नाही. फौजेला जे सोयीचं तेच पायी फिरणाऱ्यालाही, त्यामुळे महिन्याचा प्रश्न निकालात निघाला असं समजायला हरकत नाही.

भटका_पनवेल

या सगळ्या वाटांचे जीपीएस ट्रॅक टाका ना कुणीतरी. शोधत बसायला नको.

सातवीण

घाटवाटेचा टाका, देवराईचा नको. कृपया.

मु_पो_नायरी

वाडीतल्या वाटांचाही नको. ट्रॅक बघून येणारा माणूस अंगणातून जातो आणि वर बघतसुद्धा नाही. विचारत येणाऱ्याला आम्ही पाणी देतो, वाट दाखवायला पोर देतो.

आणि फेब्रुवारीचं जे चाललंय त्यात एक सांगतो. आमच्याकडे सुरुवातीला आलात तर जुन्या वाटा रानाने भरलेल्या असतात, कमरेएवढं गवत, करवंदीच्या जाळ्या. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, ती गाडीरस्त्याने नाही, पूर्वापार वाटेनेच जाते. म्हणून शिमग्याच्या आधीच्या पंधरवड्यात वाडीतली माणसं ती वाट बेणून काढतात. जी वाट पालखीची ती अजून आहे, जी पालखीची नाही ती गेली. तेव्हा महिन्याच्या अखेरीस या, वाट उघडी मिळेल.

पायवाटकर

नायरीकर, मग असं करू. होळीच्या आदल्या आठवड्यातला शनिवार-रविवार. शनिवारी सकाळी कोकण रेल्वेने संगमेश्वर, कर्णेश्वर बघून दुपारी निघायचं, मुक्काम वाटेत, रविवारी शृंगारपूर. प्रचितगड या खेपेला नाही. बेणणीला दोन तास हात लावायला मिळाला तर आवडेल. कोयते तुमच्याकडे असतील, हातमोजे आम्ही आणतो. सहा-सात जणांपेक्षा जास्त नको. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मु_पो_नायरी

या. मोजे बिजे नको. पायात बूट असू द्या आणि जेवणाचं दोन दिवस आधी कळवा, शाकाहारी किती आणि बाकीचे किती.